“आठ दिवस उशीर झाला तर काय बिघडतं?” बरंच बिघडतं, दादा

तुमची पोस्ट वाचली आणि आमचंच जुनं दुखणं कुणीतरी पुन्हा लिहिलंय असं वाटलं. वडील ६८ वर्षांचे, मालवणजवळ घर, प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात पोचलेला. ल्युप्रोलाइड या हार्मोन दाबणाऱ्या औषधाचं महिन्याचं पहिलं इंजेक्शन झालं, दुसऱ्याची मंजुरी योजनेच्या खिडकीवर अडकली, आणि मुंबईच्या भाच्याने “कॅन्सरवरची पेप्टाइडं” म्हणून कुप्यांची जाहिरात पाठवली. मंजुरी येईपर्यंत त्या मागवू का, असं विचारलंत. पीएसए (प्रोस्टेटच्या आजाराचा माग ठेवणारी रक्ततपासणी), ग्लीसन (गाठ किती उग्र त्याचा आकडा), बोन स्कॅन यात मी शिरत नाही, ते एव्हाना तुम्हाला पाठ झालं असेल.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. शाळेच्या कार्यालयात कारकुनी केली आणि आमच्या ह्यांचं हे आजारपण काढलं, एवढीच माझी पात्रता. इथलं काहीही करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

कुप्या मागवू नका. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. वडिलांना जे टोचलंय तेच मुळात कृत्रिम पेप्टाइड आहे, आणि वर्षानुवर्षं पारखलेलं. मेंदूतून त्याच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला निरोप नेणारा हार्मोन १० अमिनो आम्लांचा असतो. त्याची रचना १९७१ मध्ये शॅली आणि गिलमँ या शास्त्रज्ञांच्या गटांनी उलगडली, १९७७ च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता. मूळ हार्मोन रक्तात काही मिनिटंच टिकतो. ल्युप्रोलाइडमध्ये ९ अमिनो आम्लं आहेत आणि सहाव्या जागी उलट्या घडणीचं ल्युसिन बसवलंय, त्यामुळे शरीराला ते सहज तोडता येत नाही. अमेरिकेत १९८५ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ते पिट्युटरीला सारखं डिवचत राहतं. दारातलं कुत्रं रात्रंदिवस भुंकायला लागलं की घरचे उठून बघायचे थांबतात, तसं पिट्युटरी लक्ष देईनाशी होते आणि हा कॅन्सर ज्यावर पोसतो ते टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, बनणं थांबतं. पण आधी आठ-पंधरा दिवस ते वाढतं, मग तीन-चार आठवड्यांत तळाला जातं. ती वाढ आजाराला चढू नये म्हणून बायकाल्युटामाइडच्या गोळ्या देतात. तुम्ही त्यांचा उल्लेख केला नाहीत, दिल्या होत्या का ते विचारा. मणक्यात आजार आहे, तेव्हा पायांतलं बळ गेलं, बधिरपणा आला किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. सकाळपर्यंत थांबू नका.

आता खिडकीबद्दल, कारण आमचं सगळ्यात जास्त नुकसान तिथे झालं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. डॉक्टर चांगले होते, पण इंजेक्शनची मंजुरी दर वेळी नव्याने घ्यावी लागायची. ह्यांचं रेशनकार्ड लालबागच्या चाळीच्या पत्त्यावरचं, आधार गावचं, एकावर नाव पुरं आणि दुसऱ्यावर घरचं. त्यावरून तहसीलला पाठवलं. तिथून दाखला आणला तर डॉक्टरांचं पत्र जुनं झालं. नवं पत्र आणलं तर सही करणारे रजेवर. मध्येच गणपती आले. गणपतीत कोकणात काय चालू असतं ते तुम्हाला सांगायला नको. मी इंजेक्शनची तारीख दाखवली तर खिडकीवरचा मुलगा हसत म्हणाला, “काकू, इंजेक्शनच आहे ना, आठ दिवस उशीर झाला तर काय बिघडतं?” असं करत तारीख मागे पडत गेली, आणि एकदाच नाही. सलाईन लावलेला माणूस दारात आणला तर हीच माणसं धावपळ करतात. इंजेक्शनचा रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत येतो, म्हणून त्याला कुणी आजारी धरत नाही!

महिन्याच्या डेपो (अंगात हळूहळू सुटणाऱ्या) इंजेक्शनचा असर महिन्याच्या हिशोबानेच बसवलेला असतो. थोडा मागेपुढे खपतो असं डॉक्टर सांगतात, पण उशीर वाढला की पिट्युटरी पुन्हा जागी होते. ह्यांची पाठ दुखायला लागली, पीएसए वर गेला. ओपीडीत त्या दिवशी दुसरेच डॉक्टर होते. त्यांनी कागद चाळून लिहिलं की आजार आता इंजेक्शनला दाद देत नाही, ॲबिराटेरॉन हे पुढचं औषध सुरू करा. घरात रडारड झाली. ह्यांचं आपलं एकच, “माका काय एक झाला नाय.” मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनी टेस्टोस्टेरॉनची रक्ततपासणी करायला लावली, जी तोवर कुणीच केली नव्हती. ते डेसिलिटरमागे ५० नॅनोग्रॅमच्या खाली असायला हवं होतं, निघालं कितीतरी वर. औषध हरलं नव्हतं, ते वेळेवर अंगात गेलंच नव्हतं. इंजेक्शनं पुन्हा तारखेवर आली आणि पीएसए उतरला. त्या मधल्या काळात हाडांत जे वाढलं ते मात्र तसंच राहिलं.

म्हणून दुसऱ्या इंजेक्शनची तारीख चुकवू नका. मंजुरी येत नसेल तर डॉक्टरांकडून प्रिस्क्रिप्शन घेऊन या वेळचं इंजेक्शन बाहेरून विकत आणा, जेनेरिक मिळतात. पैशांचं ओझं मला कळतं, पण सोन्याची अंगठी याच कामासाठी असते. पीएसए कराल तेव्हा त्याच रक्तात टेस्टोस्टेरॉनही करून घ्या. “औषध लागू पडत नाही” असं कुणी म्हटलं तर आधी तो आकडा मागा. घडी बसली की तीन महिन्यांचा डेपो चालेल का तेही विचारा. पावसात घाट कधी बंद होतील, गाड्या कधी रखडतील याचा नेम नसतो. मे महिन्याच्या शेवटी तीन महिन्यांचं घेतलं तर ऑगस्टपर्यंत चिंता नाही.

एक गोष्ट बायका बोलत नाहीत आणि पुरुष ऐकून घेत नाहीत. अंडकोष काढण्याचं ऑपरेशन. छोटं असतं, एकदाच करायचं, टेस्टोस्टेरॉन लगेच उतरतं आणि आयुष्यभर तारीख सांभाळायची कटकट नाही. डॉक्टर हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलेला हा मार्ग आजही मान्य आहे. आमच्या ह्यांनी नाव काढलं तरी जेवण सोडलं. गावातून हॉस्पिटल लांब आणि पैसा मोजका असेल तर निदान त्याबद्दल विचारा तरी, असं माझं मत. निर्णय वडिलांचाच.

भाच्याच्या कुप्यांवर बारीक अक्षरांत “फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही” असं लिहिलंय का बघा. अशा मालात नक्की काय आहे याची खात्री कोण देणार? काही पेप्टाइडं वाढीचा हार्मोन चढवण्यासाठी विकली जातात, कॅन्सरच्या माणसाला ती अजिबात नकोत. प्रयोगशाळेत चालतं ते माणसात चालेलच असंही नाही. याच मेंदूच्या हार्मोनच्या धर्तीवर बनवलेल्या पेप्टाइडला डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध जोडून झॉप्टारेलिन नावाचं औषध केलं होतं. कल्पना सुंदर, पण २०१७ मध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरवरच्या मोठ्या चाचणीत ते सरस ठरलं नाही. खरोखर पुढे गेलेली वाट ल्युटेशियम पीएसएमएची. प्रोस्टेटच्या पेशींवरच्या पीएसएमए नावाच्या प्रथिनाला चिकटणारा, पेप्टाइडसारख्या बांधणीचा रेणू किरणोत्सारी ल्युटेशियम तिथवर घेऊन जातो. अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली, सहा आठवड्यांच्या अंतराने सहापर्यंत डोस देतात, तोंड कोरडं पडणं हा बऱ्याच जणांना होणारा त्रास. पण ते हार्मोनचे उपचार थकल्यावरचं काम आहे, त्याआधी पीएसएमए पेट स्कॅन लागतो आणि ते न्यूक्लिअर मेडिसिन विभागातच होतं. कुरिअरने घरी येत नाही.

किरकोळ दोन गोष्टी. इंजेक्शन घरी आणावं लागलं तर खोक्यावरचं तापमान वाचा, ब्रँडप्रमाणे बदलतं. फ्रीजमध्ये ठेवायचं असेल तर खालच्या कप्प्यात, बर्फाच्या खणात नको, आणि वीज गेली तर दार उघडू नका. मुंबईला जायचं झालं तर रेल्वेची सवलत घ्या. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण, सोबत्याला ७५ टक्के. फॉर्म हॉस्पिटलमधूनच भरून घ्यायचा, आणि शिक्का पुसट उमटला असेल तर तिथल्या तिथे दुसरा मारून मागा, नाहीतर कुडाळच्या तिकीट खिडकीवरून परत फिरावं लागेल.