वाचकांचे प्रश्न : ईटीपीचा खर्च सीएसआरमध्ये बसतो का?

प्रश्न : चाकणला आमची क्रोम प्लेटिंगची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. 2024-25 मध्ये निव्वळ नफा पहिल्यांदाच 5 कोटींच्या वर गेला, त्यामुळे सीएसआर (कंपनीने नफ्यातून करायचा सामाजिक खर्च) लागू झाला. ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेच्या) दुरुस्तीचा खर्च सीएसआरमध्ये दाखवता येईल का?

उत्तर : नाही. सांडपाण्यावर प्रक्रिया ही प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातली अट आहे. धंद्याचा भाग म्हणून जे करायचेच आहे, ते सीएसआर नव्हे. फक्त कामगारांसाठी बसवलेला आरओही चालणार नाही.

आधी रक्कम काढा. मागच्या तीन वर्षांचा नफा 3.2, 3.8 आणि 5.6 कोटी असेल, तर सरासरी 4.2 कोटी आणि तिचे 2 टक्के म्हणजे 8.40 लाख. हे 2025-26 मध्ये खर्चायचे. नफा कंपनी कायद्याच्या कलम 198 प्रमाणे धरतात, म्हणून ताळेबंदातला आकडा थेट उचलू नका. रक्कम 50 लाखांच्या आत असल्याने सीएसआर समिती लागत नाही, संचालक मंडळाचा ठराव पुरतो.

खरी गडबड मार्चमध्ये होते. 28 तारखेला काम करणाऱ्या संस्थेला चेक दिला म्हणजे खर्च झाला, असे नाही. संस्थेने तो वापरलेला असावा लागतो. संस्थेची सीएसआर-1 नोंदणीही (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची) आधी पाहा. गावात झाडे लावणार असाल, तर ठरावातच तो बहुवर्षीय प्रकल्प म्हणून मंजूर करा. मग उरलेली रक्कम 30 एप्रिलपर्यंत वेगळ्या बँक खात्यात ठेवून पुढची तीन वर्षे पाण्यावर आणि कुंपणावर खर्चता येते. नाहीतर ती 30 सप्टेंबरपर्यंत सरकारी निधीत भरावी लागते, आणि झाडे पहिल्याच उन्हाळ्यात जातात.

प्रश्न : क्रोमचे पाणी प्रक्रियेनंतरही पिवळट राहते. चुना वाढवूनही फरक नाही.

उत्तर : चुन्याने षट्संयुजी क्रोम (पाणी पिवळे करणारा, विषारी प्रकार) खाली बसतच नाही. आधी सल्फ्युरिक आम्लाने पीएच 2 ते 2.5 वर आणा, मग सोडियम मेटाबायसल्फाइट घाला : 1 ग्रॅम क्रोमला हिशेबाने पावणेतीन ग्रॅम, प्रत्यक्षात थोडे जास्त. पाणी पिवळ्याचे हिरवे झाले की मगच चुन्याने पीएच 8.5 च्या आसपास न्या. पीएच 4 वर असताना मेटाबायसल्फाइट टाकले, तर काम इतके मंदावते की टाकी रिकामी करायची वेळ येते तरी पिवळेपणा जात नाही. बहुतेक ठिकाणी घोळ इथेच असतो. षट्संयुजी क्रोमची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम आहे, रंगावर विसंबू नका, तपासणी करा.

आम्लयुक्त पाण्यात मेटाबायसल्फाइट घालताना सल्फर डायऑक्साइड सुटतो, टाकीवर एक्झॉस्ट हवा. सायनाइडची लाइन असेल, तर तिचे पाणी या टाकीत चुकूनही येता कामा नये. विषारी वायू तयार होतो. खाली बसलेला गाळ घातक कचरा आहे. तो 90 दिवसांपेक्षा जास्त साठवू नका आणि मॅनिफेस्टशिवाय (कचरा कुठून कुठे गेला याच्या नोंदपत्राशिवाय) गेटबाहेर सोडू नका.