मोलाचा भाव विचारू नका

कॉलेज रोडला मुलीला अकरावीच्या क्लासला सोडणाऱ्या एका ताईंचा प्रश्न: रसायनशास्त्रातला 'मोल' आणि 'कवडीमोल'मधलं मोल एकच का? सर म्हणे सांगतात, 'मोल म्हणजे पदार्थाचं मोल, किंमत.'

नाही हो! ही थाप यंदा तिसऱ्यांदा ऐकतोय. आपलं मोल 'मूल्य', प्राकृतात 'मोल्ल', असं घरंगळत आलेलं. रसायनातला मोल लॅटिन 'मोलेस'चा, म्हणजे ढीग, अवजड वस्तू. पालिकेची गाडी टपऱ्या पाडायला येते ते 'डिमॉलिशन'ही त्याच घराण्यातलं.

खरी गंमत पुढेच. 'मोलेस'ला लघुत्वाचा प्रत्यय लागून 'मोलेक्यूल', म्हणजे आपला रेणू, झाला, चिमुकला ढीग. १८९०च्या दशकात ऑस्टवाल्ड या रसायनज्ञाने त्याची शेपटी छाटून 'मोल' केला. चिमुकलेपण गेलं, ढीग परत आला! आणि हा गृहस्थ तेव्हा अणू-रेणू खरोखर असतात हे मानतच नव्हता. त्याचा मोल म्हणजे निव्वळ वजन. पाण्याचा १८ ग्रॅम, मोठ्या चमचाभर. आज मात्र तो मोजणीचा आकडा आहे, पानवाल्याच्या शेकड्यासारखा. २०१९पासून पक्का: ६.०२२१४०७६ गुणिले १०चा २३वा घात, इतके कण.

म्हणून माझं जुनं म्हणणं, मोलला मराठीत 'रास' म्हणा. लासलगावला व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांद्याची ट्रॉली उलटी झाली की उभी राहते ती रास. 'मोलेस' याहून वेगळा काय असतो? लांबी, वजन वगैरेंसाठी 'भौतिक राशी' आधीच आहे, गोंधळ होईल, असं एक परिभाषापंडित म्हणाले. बरं. मराठीत अणू म्हणजे ॲटम, हिंदीत अणु म्हणजे मोलेक्यूल. हिंदी नोट्स वाचून आपली पोरं रेणुसूत्राला, म्हणजे रेणूत कोणते अणू किती हे सांगणाऱ्या सूत्राला, 'अणुसूत्र' लिहितात, तो गोंधळ यांना कसा दिसत नाही? वर यांना मोलचं जुनं नाव 'ग्रॅमरेणू' परत हवाय. मिठाचं काय करणार? मिठाच्या खड्यात सुटा रेणू नसतोच, सोडियम आणि क्लोराइड आयनांची, म्हणजे विद्युतभारित कणांची, जाळी असते. सूत्र सांगतं ते फक्त एकास एक हे प्रमाण. तरी ५८.५ ग्रॅम मीठ म्हणजे एक मोलच.

तेव्हा ताई, मुलीच्या वहीत मिठापुढे 'रेणुसूत्र' असेल तर खोडून 'रासायनिक सूत्र' करायला सांगा. आणि हो, किंमतबिंमत काही नाही.