इंदूरहून नेलेला डेस्कटॉप अमेरिकेत 120 व्होल्टवर चालेल का?

मुलगी शिकायला अमेरिकेला निघाली आहे, इथे असेंबल केलेला डेस्कटॉप सोबत न्यायचा आहे आणि कुणीतरी तुम्हाला मोठा ट्रान्सफॉर्मर घ्यायला सांगितलंय, असं तुम्ही लिहिलंत. ट्रान्सफॉर्मर अजून घेतला नसेल तर कृपा करून घेऊ नका. आधी कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा आणि एसएमपीएसवरचं, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्यावरचं, लेबल वाचा.

मी इंदुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचंच काम करतो, आणि हा प्रश्न दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी आई-वडील घेऊन येतातच. भिंतीतले 230 व्होल्ट फक्त एसएमपीएसपर्यंत पोचतात. तिथून पुढे 12, 5 आणि 3.3 व्होल्टचा डीसी जातो. त्यामुळे मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड यांना बाहेर 230 आहेत की 120, याच्याशी काही देणंघेणं नसतं. 50 आणि 60 हर्ट्झचा फरकही मनातून काढून टाका, कारण एसएमपीएस आत आलेल्या विजेचा आधी डीसीच करतो.

लेबलवर इनपुटसमोर 100-240 व्होल्ट असेल तर तो अमेरिकेत चालेल, जपानच्या 100 व्होल्टवरही चालेल. पण आपल्याकडे स्वस्तात मिळणारे बरेच एसएमपीएस फक्त 200-240 व्होल्टचे असतात. नावाजलेल्या कंपन्यांचेही असतात, विशेषतः ज्यांच्यावर '80 प्लस 230 व्ही ईयू' असं लिहिलेलं असतं ते. म्हणून ब्रँड बघून समाधान मानू नका, आकडा बघा. असा एसएमपीएस 120 वर बहुधा सुरूच होत नाही, किंवा झाला तरी लोड आला की बंद पडतो. तेव्हा इलाज ट्रान्सफॉर्मरचा नाही, एसएमपीएस बदलण्याचा. ट्रान्सफॉर्मर जड असतो, गरम होतो, आणि विद्यार्थिनीच्या एवढ्याशा खोलीत तो सतत गुणगुणत राहणार.

जुन्या मशीनला मागे एक छोटा लाल स्विच असतो, 115 आणि 230 लिहिलेला. इथून नेताना तो 230 वरच राहिला तर तिथे मशीन फक्त चालू होणार नाही, नुकसान नाही. खरा धोका उलट्या प्रवासात आहे. तिकडून परतलेल्या माणसाने स्विच 115 वर असतानाच इथल्या सॉकेटमध्ये पिन लावली, तर संपलं. 115 वर आतलं सर्किट व्होल्टेज दुप्पट करून साधारण 325 व्होल्ट डीसी बनवतं. तेच 230 मिळाल्यावर 650 च्या आसपास जाऊ पाहतं, आणि आतले दोन मोठे कपॅसिटर असतात 200-200 व्होल्टचे. फ्यूज उडून निभावलं तर नशीब, नाहीतर कपॅसिटर फुटतात. तिकडचा स्पाइक गार्डही इथे लावू नये, त्याच्या आतला संरक्षणाचा भाग 120 व्होल्टच्या हिशोबाने बसवलेला असतो.

मॉनिटर बहुतेक 100-240 चे असतात, तरी अडॅप्टरवर वाचून घ्या. यूपीएस आणि लेझर प्रिंटर इथेच ठेवा. प्रिंटरच्या आतला हीटर एकाच व्होल्टेजसाठी बनवलेला असतो.

केबल मात्र तिकडचीच घ्यावी. मशीनकडचं टोक जगभर सारखंच असतं, फक्त भिंतीकडची पिन बदलते. दोन पिनांचा कन्व्हर्टर लावून काम भागवू नका, त्यात अर्थिंग जातं आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. 120 व्होल्टवर करंटही जवळजवळ दुप्पट लागतो. 400 वॉट घेणारं मशीन इथे पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतं, तिथे सव्वातीनच्या वर. हे केबलला झेपतं, पण त्याच एक्स्टेंशनवर खोलीतला हीटर लावू नये, हे मुलीला नक्की सांगा.

मला विचाराल तर अख्खं कॅबिनेट नेऊच नका. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड अँटिस्टॅटिक पिशव्यांत घालून हातातल्या बॅगेत द्या. कॅबिनेट आणि एसएमपीएस तिला तिथेच घेऊ द्या. व्होल्टेजचा प्रश्न मुळातच उरत नाही, आणि 23 किलोच्या बॅगेत पत्र्याऐवजी तिच्या कामाचं सामान मावेल. ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असताना मशीन सामानात टाकलं तर धक्क्याने मदरबोर्डचा स्लॉटच तुटतो, हे मी दुरुस्तीला आलेल्या मशीनमध्ये पाहिलेलं आहे.

लेबलचा स्पष्ट फोटो इथे टाका, इनपुटची ओळ दिसेल असा. वाचून लगेच सांगतो.