टॅलापॉइन हे आफ्रिकी माकड कसं राहतं, काय खातं?

आफ्रिका आणि आशियातल्या माकडांमध्ये टॅलापॉइन सगळ्यात लहान. मोठा नरसुद्धा जेमतेम सव्वा-दीड किलोचा. अंगावर हिरवट-पिवळी लव, पोट पांढुरकं. कॅमेरून, गॅबनपासून अंगोलापर्यंतच्या जंगलात राहतं, पण नदीकाठ सोडून फारसं लांब जात नाही.

याचं कारण त्याच्या झोपेत आहे. साठ-सत्तर, कधी शंभरएक जणांचा कळप संध्याकाळी पाण्यावर झुकलेल्या बारीक फांद्यांवर जाऊन बसतो. रात्री कुणी शिकारी फांदीवर चढला की फांदी हलते, आणि ही माकडं सरळ खाली पाण्यात उड्या टाकतात. उत्तम पोहतात, बुडीही मारतात. मला त्यांची ही युक्ती फार आवडते.

खाणं म्हणजे फळं, बिया आणि भरपूर किडे. मिळालेलं भराभर गालातल्या पिशव्यांत कोंबायचं आणि निवांत जागी जाऊन खायचं. गावाजवळचे कळप कसावाही पळवतात (आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तोच). त्यातलं विष निघावं म्हणून गावकरी तो काही दिवस नदीत भिजत ठेवतात, आणि तोवर ही मंडळी त्यावर ताव मारतात.

मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, साधारण साडेपाच महिन्यांच्या गर्भारपणानंतर. ते दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे आईच्या वजनाच्या जवळपास पाव हिस्सा! एवढं ओझं पोटाला लटकवून ती माउली फांद्यांवरून उड्या मारत असते.