‘माझं काम फक्त बायकांवर आहे हो’

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पीएचडी करणाऱ्या मुली हल्ली एकच काळजी घेऊन येतात, मॅडम मी बायकांच्या आजारांवर काम करते, पुढे मला कोण विचारणार, नोकरी लागेल का. म्हणून एकीचं सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

हिचं काम हृदयविकार बायकांत आणि पुरुषांत वेगळा का दिसतो यावर. झोप उडालेली, प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री उलट्या. गाईड म्हणायचे, माद्या उंदीर घेतले की त्यांच्या हार्मोन्सच्या चक्रामुळे डेटा हलतो, आकडे खालीवर होतात, आणि घरी आई म्हणायची जरा जनरल विषय घ्यायचास. मी ऐकत होते आणि वहीत रेघा मारत होते. चौथ्या भेटीत वही तिच्यापुढे सरकवली.

"या कसल्या रेघा?"

"आज तू अकरा वेळा ‘फक्त’ म्हणालीस. फक्त बायकांवर."

"मग आहेच ना फक्त."

"आणि जे नुसते नर उंदीर घेतात, ते म्हणतात का, आमचं काम फक्त नरांवर?"

ती गप्प. मीही गप्प राहिले, अशा वेळी तोंड न उघडणं हे मी इतक्या वर्षांत कमावलंय. आणि मग ती जी बोलायला लागली! झोल्पिडेम नावाची झोपेची गोळी, बायकांच्या रक्तात सकाळी जास्त उरते, पण वीस वर्षं दोघांना डोस एकच, २०१३ ला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, बायकांसाठी १० चा ५ मिलिग्रॅम करायला लावला. डेटा हलतो म्हणतात त्यावर २०१४ मध्येच कोणी २९३ पेपर तपासलेत, माद्यांचा डेटा नरांपेक्षा जास्त हलत नाही. सगळं तोंडपाठ, तरी गाईडसमोर सॉरी सॉरी.

तेव्हाच मला कळलं की हिला माहिती कमी पडत नाहीये. मी विवेकनिष्ठ विचाराची माणूस, गाईड काय म्हणाले यापेक्षा त्यावर आपण स्वतःला काय ऐकवतो ते मी आधी बघते. ही ऐकवत होती, विषय लहान म्हणजे मीही लहान.

नोकरीची काळजी मात्र खोटी नाही गं, ती वेगळी काढा, तिला नुसतं समजावून भागत नाही. लॅबबाहेरचा एखादा सीनियर धरा, स्टॅटिस्टिक्स असं पक्कं करा की कुठल्याही लॅबला तुम्ही हव्याशा वाटाल, आणि अमेरिकेची एनआयएच, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था, २०१६ पासून प्राण्यांवरच्या प्रयोगातही नर-मादीचा विचार केलाय का ते बघते, हे फेलोशिपच्या अर्जात लिहा की, लाजायचं काय त्यात. गाईडशी वाद घालत बसू नका, नर आणि माद्यांचे ग्राफ शेजारी शेजारी ठेवून दाखवा.

हिने पुढच्या सेमिनारचं पहिलं वाक्य माझ्यासमोर बसून लिहिलं, तीनदा खोडून. ‘या विषयातले बरेचसे निष्कर्ष फक्त नरांवरचे आहेत.’ सेमिनारच्या आदल्या रात्री उलटी झाली नाही, गाईडनी एवढंच विचारलं की माद्या किती लागतील. झोप अजून नीट लागत नाही, मंगळवारी येतेय ती.