कबुली देण्याआधी दोन वेळा ताडून बघा

विलेपार्ल्याहून एका वाचकांनी लिहिलं आहे. डिसेंबरात लोअर परळला ऑफिसची पार्टी आटोपून ते स्कूटरवरून घरी निघाले आणि कलानगरच्या नाकाबंदीत सापडले. मशीनमध्ये फुंकर मारली, आकडा आला 58, कायद्याची मर्यादा 30. मग पोलीस ठाणं, रक्ताचा नमुना, लायसन्स जप्त, पहाटे जामीन. पुढे वांद्रे कोर्टाचं समन्स आलं, पण कामाच्या गडबडीत पहिल्या तारखेला ते गेलेच नाहीत. आता विचारतात, ‘मित्र म्हणतात गुन्हा कबूल कर, 10,000 भर आणि मोकळा हो. तसं करू का?’

थर्टी फर्स्ट उलटला की अशी पत्रं येऊ लागतात, आणि मित्रांचा सल्ला प्रत्येक पत्रात हाच असतो.

पिऊन गाडी चालवू नये हे मी पुन्हा सांगत बसत नाही, ते तुम्हाला त्या रात्रीही ठाऊक होतं. तुम्ही पाठवलेल्या कागदांत मला दोन वेळा महत्त्वाच्या वाटल्या. अटकेच्या फॉर्मवर 00.40 आणि डॉक्टरांच्या कागदावर, नमुना घेतल्याची वेळ म्हणून, 04.10. मध्ये साडेतीन तास गेले.

मोटार वाहन कायद्याचं कलम 202 सांगतं की कलम 185 खाली, म्हणजे पिऊन गाडी चालवल्याबद्दल, अटक झालेल्या माणसाची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाही झाली तर त्याला कोठडीतून सोडलं पाहिजे. म्हणजे 2.40 नंतर तुम्हाला ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवण्याला या कलमाचा आधार नव्हता. तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत, पुढे केलेल्या प्रत्येक कागदावर न वाचता सही केलीत. निदान वेळ तरी वाचायची होती.

तरी एवढ्यावर खटला निकाली निघेल अशी आशा धरू नका. कलमात सोडण्याबद्दल लिहिलं आहे, निर्दोष ठरवण्याबद्दल नाही. शिवाय हा उशीर दोन्हीकडे कापतो. रक्तातला अल्कोहोल तासागणिक उतरत जातो. कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या आत आला, तर सरकारी पक्षाची भिस्त मशीनच्या चिठ्ठीवरच राहील. मग ते मशीन शेवटचं कधी तपासलं होतं, त्याचं प्रमाणपत्र कुठे आहे, चिठ्ठीवर तुमची सही आहे का, हे प्रश्न विचारता येतील. पण साडेतीन तासांनंतरही आकडा 30 च्या वर असेल, तर फुंकरीच्या वेळी तो याहून जास्तच होता असं सरकारी वकील म्हणतील, आणि त्यावर उत्तर देणं अवघड आहे. म्हणून लढायचं की कबुली द्यायची, हे अहवाल वाचल्यावर ठरवा. हातावर आधी स्पिरिटचा, म्हणजे अल्कोहोलचाच, बोळा फिरवला होता का आणि बाटली तुमच्यासमोर सील केली का, हे आठवत असेल तर आजच लिहून ठेवा.

अहवाल यायला महिनोन्महिने लागतात याचा मला संताप येतो. कलिना ते वांद्रे कोर्ट हे अंतर ते किती! तोवर माणूस तारखांना कंटाळतो आणि कबुली देऊन टाकतो. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी, साधी पावती नव्हे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अनेकांचं दंडावर भागतं, तुमचंही भागेल याची हमी मी देणार नाही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, 15,000 दंड किंवा दोन्ही. नोकरीच्या फॉर्मवर ‘शिक्षा झाली आहे का’ असा रकाना असला, तर तिथेही खरंच लिहावं लागेल.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, ‘सध्या पावतीवर गाडी चालवतोय.’ ती आजच थांबवा! कलम 206 खाली जप्त केलेल्या लायसन्सची पोचपावती गाडी चालवायची परवानगी देत नाही. लायसन्स परत हातात येईपर्यंत लोकल, बस, रिक्षा. अंधेरी आरटीओची नोटीस आली तर तिला उत्तर द्या आणि सुनावणीला हजर राहा. पहिल्या गुन्ह्याला ते तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवू शकतात, पण तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय नाही. आदेश विरुद्ध गेला तर तो मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं.

पहिली तारीख चुकवलीत, त्यामुळे वॉरंट निघालं असण्याची शक्यता आहे. गुन्हा जामीनपात्र आहे, घाबरून घरी बसू नका. या आठवड्यातच वकिलाला घेऊन वांद्रे कोर्टात जा, वॉरंट असेल तर रद्द करण्याचा अर्ज द्या आणि त्याच दिवशी अटकेचा फॉर्म, मशीनची चिठ्ठी, डॉक्टरांचा कागद आणि अहवाल यांच्या प्रती मागा.