टोटल स्टेशनच्या पॉइंटांवरून जमिनीचं मॉडेल: ओढा गेला कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मावळात डोंगरउताराची पाच एकर जमीन, वर माळ, खाली भातखाचरं, मधून ओढा. सर्व्हेअरने टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) साडेसहाशे पॉइंट घेऊन सीएसव्ही फाइल (आकड्यांचा साधा तक्ता) दिली. तुम्ही ती क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून सरफेस (जमिनीच्या पृष्ठभागाचं मॉडेल) केला, तर ओढा जागोजागी बुजलेला, खाचरांच्या बांधांची घसरगुंडी झालेली आणि एका कोपऱ्यात थेट पाताळात जाणारा खड्डा. सर्व्हेअर म्हणतो, आणखी हजारभर पॉइंट घेऊ म्हणजे नीट येईल. घ्यावेत का?

नका घेऊ. निदान आत्ता तरी नको. पाच एकरांत साडेसहाशे म्हणजे सरासरी तीस-एकतीस चौरस मीटरला एक पॉइंट पडतो. घराची जागा, रस्ता आणि शेततळं ठरवायला एवढे पुष्कळ झाले. कमी पडलंय ते वेगळंच. कुठला पॉइंट कुठल्या ओळीतला, हे सॉफ्टवेअरला कुणी सांगितलेलंच नाही.

पाताळातला खड्डा आधी काढून टाकू, कारण तो सोपा आहे. फाइल उघडून उंचीच्या रकान्यावर सॉर्ट करा. हद्दीच्या एखाद्या दगडाची उंची शून्य पडलेली असणार. बाकी जमीन सहाशे मीटरवर आणि एक दगड समुद्रसपाटीला, मग खड्डा पडणारच. त्याच बैठकीत विजेचे खांब, झाडं, घराचे कोपरे आणि विहिरीचा तळ असे कोडही (कोड म्हणजे पॉइंट कशाचा आहे ते सांगणारी खूण) बाजूला काढा. ते नकाशात हवेत, सरफेसमध्ये नकोत. सरफेसमध्ये फक्त जमिनीवर प्रिझम (यंत्राचा किरण परतवणारा लोलक) टेकवून घेतलेले पॉइंट जायला हवेत.

आता ओढा. टिन म्हणजे पॉइंट जोडून केलेलं त्रिकोणांचं जाळं, सरफेस त्यावरच उभा राहतो. ते बांधण्याचा नेहमीचा नियम बोरिस डेलोने या रशियन गणितज्ञाने १९३४ साली मांडला: कुठल्याही त्रिकोणाच्या तीन टोकांतून जाणाऱ्या वर्तुळात चौथा पॉइंट येता कामा नये. त्यामुळे शक्यतो अंगाने भरलेले त्रिकोण मिळतात, काटकुळे कमी होतात. पण हा सगळा हिशेब वरून पाहून होतो. त्रिकोण कसे पाडायचे हे ठरवताना उंची विचारातच घेतली जात नाही. सॉफ्टवेअरच्या लेखी ओढ्याचा काठ आणि ओढ्याचा तळ यांत काहीही फरक नसतो.

तुमच्या ओढ्यासारखाच एक तुकडा आकड्यांत मांडतो. ओढा चार मीटर रुंद धरा. दोन्ही काठांवर दर १० मीटरला पॉइंट घेतलेत, तळात मात्र दर २० मीटरला, कारण मधे करवंदीची जाळी होती. शून्य मीटरवर तळाची उंची ६१०.९०, वीस मीटरवर ६१०.५०. दहा मीटरवर डावा काठ ६१२.२०, उजवा ६१२.१०, आणि तळाचा पॉइंट नाही. तिथे डेलोनेला सगळ्यात जवळची जोडी दिसते ती समोरासमोरच्या काठांची, अवघ्या चार मीटरवर. तो सरळ काठाला काठ जोडतो. त्या रेषेच्या मध्यावर मॉडेल सांगतं ६१२.१५. खरी जमीन तिथे ६१०.७० च्या आसपास आहे. म्हणजे जवळजवळ दीड मीटर उंचीचा बंधारा तुम्ही फुकटात बांधलात, आणि असे बंधारे ओढाभर.

आणखी हजार पॉइंट माळावर पसरून हा बंधारा फुटणार नाही. फुटेल तो शून्य मीटरवरचा तळ आणि वीस मीटरवरचा तळ यांना जोडणारी एक रेषा दिल्यावर. हिला ब्रेकलाइन म्हणतात. तिचा अर्थ एवढाच, की कुठल्याही त्रिकोणाची बाजू हिला ओलांडणार नाही. रेषा दिली की काठाला काठ जोडायची वाटच बंद होते आणि दहा मीटरवर तळ आपोआप ६१०.७० येतो. नवीन मोजणी शून्य.

क्यूजीआयएसमध्ये हे असं करा. सीएसव्ही आणताना उंचीचा रकाना झेड फील्ड म्हणून द्या, नुसता गुणधर्म म्हणून ठेवू नका. मग ‘पॉइंट्स टू पाथ’ हे टूल घ्या, गटासाठी कोडचा रकाना आणि क्रमासाठी पॉइंट नंबर द्या. सर्व्हेअरने डाव्या काठाला, तळाला आणि उजव्या काठाला वेगवेगळे कोड दिले असतील तर तिन्ही रेषा एका फटक्यात मिळतात. प्रिझम धरणारा पोरगा ओढ्यातून नागमोडी गेला असला तरी हरकत नाही, तो एकाच दिशेने वर सरकत गेला असला म्हणजे झालं. मधेच मागे येऊन राहिलेले पॉइंट घेतले असतील तर रेषा स्वतःलाच छेदेल. तेवढी हाताने नीट करा. दोन ब्रेकलाइन वेगवेगळ्या उंचीवर एकमेकींना छेदत असतील तर त्यांतली एक खोटी आहे, हे नक्की. मग टिन इंटरपोलेशनमध्ये पॉइंटांचा थर ‘पॉइंट्स’ म्हणून आणि रेषांचा थर ‘ब्रेक लाइन्स’ म्हणून द्या. सिव्हिल थ्रीडी हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हेच सरफेसच्या ‘डेफिनिशन’खाली मिळेल.

सर्व्हेअरने सगळ्यालाच ‘जीएल’, म्हणजे नुसती जमिनीची पातळी, असा एकच कोड मारला असेल (हे फार होतं, आणि त्यात प्रिझम धरणाऱ्याचा काही दोष नसतो, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं), तर प्रिंट काढून जमिनीवर चालत जा आणि पेनाने पॉइंट जोडा. कंटाळवाणं काम आहे, पण मॉडेल खरं तिथेच तयार होतं.

खाचरांची तऱ्हा ओढ्याहून वाईट. बांधाला माथा असतो आणि पायथा असतो, आणि दोन्हींच्या रेषा लागतात. नुसता माथा मोजला तर तिथून खालच्या खाचराच्या मध्यापर्यंत सरळ उतार धरला जातो, ती तुमची घसरगुंडी. शिवाय दगडी बांध जवळजवळ उभा असतो. टिनमध्ये एका जागेला एकच उंची असू शकते, त्यामुळे माथा आणि पायथा बरोबर एकाखाली एक चालत नाहीत. पायथ्याची रेषा दोन-चार सेंटिमीटर बाहेर सरकवा. कुणाला फरक कळत नाही आणि भिंत भिंतीसारखी उभी राहते. वरचा माळ मात्र सुखाचा. एकसारखा उतार असेल तिथे दहा मीटरवर एक पॉइंटही चालतो.

आयडीडब्ल्यू वापरून बघू का, असंही तुम्ही विचारलंय. जमिनीसाठी नको. ती पद्धत आजूबाजूच्या पॉइंटांची अंतरानुसार सरासरी काढते, त्यामुळे प्रत्येक पॉइंटाभोवती गोल गोल कंटूर (समान उंचीच्या रेषा) उठतात आणि ओढ्याचा तळ काठांच्या सरासरीत वर उचलला जातो. पावसाचे आकडे पसरायला ती ठीक.

हद्दीबाहेरचे लांबलचक त्रिकोण कापायलाच हवेत. मोजलेल्या भागाभोवती एक बहुभुज काढून सरफेस त्याने क्लिप करा. तुमचा प्लॉट इंग्रजी एल अक्षरासारखा आहे, म्हणजे आतल्या कोपऱ्यात शेजाऱ्याची न मोजलेली जमीन मॉडेलने स्वतःच्या मनाने भरून टाकली आहे. ती आकडेमोडीत गेली की भरावाचा हिशेब गेला.

कोऑर्डिनेटचं एक बघून घ्या. यूटीएम ४३ उत्तर (मीटरमध्ये जागा सांगणारी नकाशाची पद्धत, आपल्याकडचा पट्टा) असेल तर मावळात ईस्टिंग (पूर्वेकडचा आकडा, एक्स) सहा आकडी येतं आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचा, वाय) सात आकडी, वीस लाखांच्या पुढचं. सात आकडी रकाना एक्स म्हणून दिलात तर जमीन आरशात पाहिल्यासारखी उलटी होते आणि मॉडेल दिसायला मात्र अगदी छान दिसतं. फाइल १०००, १०००, १०० अशा आकड्यांपासून सुरू होत असेल तर सर्व्हेअरने कोऑर्डिनेट मानून घेतलेत. खोदकाम-भरावाला ते चालतं, पण गुगल अर्थवर ते बसणार नाही. उंचीचंही तसंच. डीजीपीएसची (उपग्रहांवरून जागा मोजणाऱ्या यंत्राची) लंबगोलावरची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत आपल्याकडे पुणे-मुंबई पट्ट्यात ६० मीटरहून जास्त फरक येतो, आणि डीजीपीएसचा आकडा लहान असतो. अर्धे पॉइंट एका यंत्राचे, अर्धे दुसऱ्याचे असतील तर आधी हे विचारा.

ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये नेल्यावर मॉडेल दातेरी, थरथरतं दिसतं म्हणालात, ते मोजणीचं पाप नाही. ब्लेंडर जागेचे आकडे ३२ बिटांत ठेवतो. वीस लाखांच्या घरातल्या आकड्याला तिथे १२.५ सेंटिमीटरहून बारीक पायरीच मिळत नाही. सगळ्या ईस्टिंगमधून एक आणि सगळ्या नॉर्दिंगमधून एक असा मोठा पूर्णांक वजा करून मग न्या, आणि ते दोन आकडे कुठेतरी लिहून ठेवा. उभी पट्टी (उंचीचं प्रमाण) १ वरच राहू द्या. तीनपट केली की चित्र देखणं होतं आणि आर्किटेक्ट बिचारा नसलेल्या कड्यावर घर काढून बसतो.

एसआरटीएमचा (अवकाशातून रडारने मोजलेल्या उंचींचा) फुकटचा डेटा चालेल का, या शंकेचं उत्तर गुंठ्यांत देतो: त्याचा एक चौकोन ३० बाय ३० मीटरचा, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठ्यांना एकच उंची. तुमच्या अख्ख्या पाच एकरांत असे बावीस-तेवीस चौकोन बसतील. पाणलोट पाहायला वापरा, घराचं जोतं ठरवायला नाही. ड्रोनचं म्हणाल तर गवत वाढलेलं असताना तो गवताचे शेंडे मोजतो. उडवायचाच असेल तर उन्हाळ्यात.

मॉडेल पक्कं झालं असं वाटलं की कंटूर काढून ओढ्यापाशी बघा. प्रत्येक कंटूरचं टोक ओढ्याच्या वरच्या अंगाला, उगमाकडे वळलेलं हवं. जिथे कंटूर ओढ्यात गोल बंद होतो तिथे अजून एखादा बंधारा शिल्लक आहे. दुसरी तपासणी: माळ, खाचर, काठालगतची जमीन असे विखुरलेले वीसेक पॉइंट आधीच वगळून सरफेस करा आणि मग त्या जागी मॉडेल काय उंची सांगतं ते प्रत्यक्ष मोजणीशी ताडा. (ब्रेकलाइनवरचे वगळू नका, रेषाच बिघडेल.) माळावर पाच सेंटिमीटरचा फरक मी सोडून देईन. घराच्या आणि शेततळ्याच्या जागेवर नाही सोडणार, कारण दहा गुंठ्यांवर सरसकट दहा सेंटिमीटर चुकलं तर सुमारे १०० घनमीटर, म्हणजे ३५ ब्रास माती इकडची तिकडे होते आणि जेसीबीवाला तिचे पैसे घेतो.

सर्व्हेअरला परत बोलवायचंच असेल तर हजार पॉइंटांसाठी नको. ओढ्याचा तळ दर पाच-सात मीटरवर आणि वळणावर हटकून, बांधांचे पायथे, आणि रस्ता जिथून ओढा ओलांडणार तिथे दोन्ही काठांसकट एक आडवा छेद, एवढंच मागा. प्रत्येक ओळीला वेगळा कोड द्यायला सांगा, आणि टीबीएम (उंची मोजायला धरलेली तात्पुरती पक्की खूण) आधीचाच धरायला सांगा. नवीन दगडावरून सुरुवात केली तर दोन दिवसांच्या मोजण्या एकमेकींत बसवण्यातच तुमचा महिना जाईल.